काटा खाली आला तेव्हा

साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट सुरू झाला तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले असतील. मे महिना. मागे आंब्याच्या आठ पेट्या, शेजारी आई, आणि सीटखालून येणारी ती नेहमीची धग. मारुती ओम्नी व्हॅनमध्ये पुढे बसलेल्यांना ही धग चांगलीच माहितीये, इंजिन सीटच्या खालीच असतं ना, त्यामुळे उन्हाळ्यात मांड्या भाजतात आणि थंडीत तेवढंच बरं वाटतं. त्या दिवशी जरा जास्तच होती. आई म्हणाली, "अगं, आज लईच तापतंय गं." मी म्हटलं मे महिना आहे आई, तापणारच. टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेलेला मी बघितला होता. मग पाऊण. मग लाल रेघेला टेकला. पुढे एसटी, मागे ट्रक, त्या वळणावर थांबायला जागा नव्हती हे खरं, पण त्याच्या पुढच्या दोन वळणांवर होती हेही खरंच. मी मनात म्हणत होते चढ एकदा संपू दे, वर आंबा गावात टपरीवर थांबू, चहा घेऊ, तोवर गाडी गार होईल. आणि तेवढ्यात काटा खाली यायला लागला. आपोआप. लाल रेघेवरनं अर्ध्यावर, अर्ध्यावरनं जवळजवळ तळाला. मला इतकं हायसं वाटलं की मी आईला बोलूनसुद्धा दाखवलं, "बघ, उतरला."

काटा उतरला कारण मोजायला पाणीच उरलं नव्हतं.

हे मला तीन दिवसांनी कोल्हापुरात मिस्त्रींनी समजावून सांगितलं. तो काटा ज्या सेन्सरवर चालतो तो इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात बुडालेला असतो, पाण्याची गरमी मोजतो, इंजिनाची नाही. ते पाणी नेणाऱ्या रबरी होज पाईपला क्लिपच्या जवळ बारीक चीर गेलेली, चढावर प्रेशर वाढलं तशी ती उघडत गेली, पाणी वाफ होऊन निघून गेलं, आणि सेन्सर कोरडा पडला की काटा खाली येतो. म्हणजे ज्या क्षणी मी सुटकेचा श्वास सोडला त्याच क्षणापासून आत लोखंडावर लोखंड घासायला लागलं होतं. त्यानंतर मी साधारण सहा-सात मिनिटं गाडी चालवली. आधी दम गेला, दुसऱ्या गियरवर पण ओढेना, मग खालून टकटक असा आवाज, मग एक वास आला जो मी आयुष्यात विसरणार नाही, जळक्या ऑइलचा आणि तापलेल्या रबराचा, त्यात मागच्या हापूसचा गोड वास मिसळलेला. गाडी बंद पडली ती वर पोचायला दोन वळणं राहिली असताना. मी घाईघाईने पाण्याची बाटली काढली तर मागचा ट्रकवाला खाली उतरून ओरडला, "ताई, पाणी घालू नका लगेच! हेड तडकंल!" त्याने आम्हाला पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं. आई दगडावर बसून आंब्याच्या पेटीतलं गवत नीट करत होती. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दोन महिने मी हा प्रश्न घेऊन फिरत होते की इंजिनचं काम करायचं, की गाडी काढून टाकायची. आणि मला आता कळतंय की बराच काळ मी गाडीचा विचार करतच नव्हते, मी त्या सहा-सात मिनिटांचा करत होते.

गाडी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९९९ ची, कार्बोरेटरवाली. आमचा मसाल्याचा धंदा, म्हणजे खरं तर आईचा, कांदा-लसूण मसाला. मार्च ते मे अख्खं घर मिरचीने पेटलेलं असायचं, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, खोबरं भाजून, कांदा तळून, मग सगळं डंकावर. आधी आण्णा लूनावर पिशव्या बांधून बाजार करायचे, वडगाव, कोडोली, मलकापूर. एका पावसाळ्यात वाटेत अख्खं पोतं भिजलं, आणि त्या दिवाळीला पतसंस्थेचं कर्ज काढून ही पांढरी व्हॅन दारात आली. तिच्यात मसाल्याचा वास असा मुरलाय की माझ्या नवऱ्याला आजही दार सरकवलं की दोन शिंका येतात. शाळेत असताना मला त्या वासाची लाज वाटायची, गणवेशाला लागायचा. आता पुण्यात कुठल्या दुकानात तिखटाचं पाकीट फुटलेलं असलं की मी पाच मिनिटं तिथेच रेंगाळते. आण्णा जाऊन तीन वर्षं झाली. बाजार आईने बंद केला नाही, गल्लीतला एक मुलगा आठवड्यातनं दोन दिवस गाडी चालवतो, ती शेजारी बसते.

आणि आण्णांनी ती गाडी काय सांभाळली होती! ऑइल कधी बदललं, प्लग कधी टाकले, सगळं मसाल्याच्या उधारीच्या वहीत मागच्या पानांवर. वीस-बावीस वर्षं. मी ती फक्त मे महिन्याच्या सुट्टीत हातात घेतली होती. तर माझ्या मनात चित्र असं झालं होतं की आण्णांनी वीस-बावीस वर्षं जे इंजिन जपलं ते मी एका घाटात खाल्लं, आणि ते होतं तसं उभं करून देणं हे माझं देणं आहे. पैसे किती का लागेनात. मला हे प्रेम वाटत होतं. वाटत होतं काय, थोडं होतंही. पण त्यात दुसरं बरंच काही मिसळलेलं होतं.

मिस्त्रींचं गॅरेज उद्यमनगरच्या जवळ. कोल्हापूरच्या माणसाला शिवाजी उद्यमनगर काय आहे ते सांगायला नको, सकाळी आत शिरलं की दोन्ही बाजूंनी लेथचा आवाज, कापलेल्या बिडाचा तो कोरडा वास, पायाखाली चकाकणारा लोखंडी कीस, आणि प्रत्येक दोन दुकानांमागे एक चहावाला. आण्णा गेल्यावर मी पहिल्यांदाच तिथे गेले. गाडी टोचन लावून आणली होती. मिस्त्रींनी सीट उचलली, डिपस्टिक काढली, बोटाने ऑइल चोळून बघितलं आणि माझ्यापुढे बोट धरलं. चहात साय फिरावी तसं झालेलं. पाणी ऑइलमध्ये गेलं होतं, म्हणजे हेड गॅसकेट, इंजिनचं वरचं झाकण आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, उडालेलं. मग ते मला म्हणाले, "ताई, लगेच ठरवू नका. आधी ऐकूया ते काय म्हणतंय."

त्यांनी तिन्ही प्लग काढले. ओम्नीला तीनच सिलिंडर, ७९६ सीसीचं ते जुनं मारुती आठशेचंच इंजिन. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं, मीटर लावलं, पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं, आणि आकडे खडूने दारावर लिहिले. १०५, ५५, ६०. चांगल्या इंजिनाला १६०-१७० च्या घरात यायला पाहिजे असं म्हणाले. मला वाटलं संपलं, सगळंच मेलंय. पण मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी अगदी जवळ उभी राहून बघितली. ऑइलच्या कॅनमधून चमचाभर ऑइल पहिल्या भोकात सोडलं, मीटर परत लावलं, परत सेल्फ. पहिल्याचा आकडा १०५ वरून १४० झाला. दुसऱ्या-तिसऱ्यात तेच केलं, ते जागचे हलले नाहीत. "हे बघा," ते म्हणाले, "ऑइलने पिस्टनच्या रिंगांची फट तात्पुरती भरते. ऑइल टाकून आकडा चढला तर रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेत. नाही चढला तर गळती दुसरीकडनं आहे, व्हॉल्व्ह नायतर गॅसकेट. तुमच्या दोन आणि तीन नंबरच्या मधलं गॅसकेट जळलंय. ते घाटात झालं. पण एक नंबरचं जे आहे ना, ते घाटातलं नव्हं. ती झीज जुनी आहे." मग त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, सकाळी चालू करताना निळा धूर येत होता का?" आई म्हणाली, "दोन वर्षं झाली की. पंधरा दिवसाला अर्धा लिटर ऑइल पितीय."

दोन वर्षं! मला कोणी सांगितलंच नव्हतं.

चमचाभर ऑइलवरून मला आजोबांचं विहिरीवरचं इंजिन आठवलं. पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्करचं ऑइल इंजिन, हँडल मारून चालू करायचं, वरची खिट्टी उचलून धरायची, चाकाने वेग घेतला की सोडायची, आणि मग ते टुक-टुक-टुक अख्ख्या शिवारात ऐकू जायचं. थंडीच्या पहाटे ते चालू व्हायचं नाही तेव्हा आजोबा असंच थोडं ऑइल आत सोडायचे आणि मग हँडल मारायचे. का सोडतात हे मी कधी विचारलं नाही, मला तो काहीतरी नैवेद्य दाखवल्यासारखा प्रकार वाटायचा. त्या इंजिनाची स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, दोनदा बदललेली, पिस्टन किती वेळा ते माहीत नाही. बदलून नवीन इंजिन घेऊया असं घरात कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मोटर आली, लाईट आली, तेव्हा ते कोपऱ्यात गेलं, पण ते बिघडलं म्हणून नाही. त्या माणसांना दुरुस्तीचा निर्णय असा घ्यावाच लागत नव्हता, पर्यायच समोर नव्हता. आमच्यापुढे चार होते आणि प्रत्येकाला एकेक बाजूने ओढणारं माणूस होतं.

पहिला पर्याय, फुल इंजिन काम. उतरवायचं, खोलायचं, बोअर मारायचा, पिस्टन-रिंगा, बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह, वॉटर पंप, ऑइल पंप, बेल्ट, सगळे होज. अंदाज साडेछत्तीस हजार, "आत काय निघतंय त्यावर पाच इकडं-तिकडं." दुसरा, भंगारातल्या गाडीचं चालू इंजिन आणून टाकायचं, अठरा ते बावीस हजार, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. हा ऐकायला सगळ्यात सोपा. पण त्या इंजिनाचा नंबर आरसी बुकावरच्या नंबराशी जुळणार नाही, म्हणजे आरटीओत जाऊन नंबर चढवून घ्यायचा, त्यासाठी इंजिनाचं पक्कं बिल, ते कुठल्या गाडीतनं निघालं त्याचे कागद, आणि बाजारातले निम्मे लोक बिल म्हटलं की गप्प होतात. शिवाय ते इंजिन किती झिजलंय हे खोलल्याशिवाय कळत नाही, आणि खोलायचंच असेल तर आपलं काय वाईट? मिस्त्री एकच वाक्य बोलले, "आपली झीज आपल्याला माहीत असती, दुसऱ्याची इकत घ्याला लागती."

तिसरा पर्याय माझ्या नवऱ्याचा. विकून टाका, आहे तशी पंचवीस हजाराला जाईल, चालू करून विकली तर पन्नासला, आणि आईंना थोडी वापरलेली नवीन व्हॅन बघू, तीन लाखाच्या आसपास. त्याचं म्हणणं मला तेव्हा फार रुक्ष वाटलं, पण तो जे बोलत होता ते खोटं नव्हतं. पंचवीस वर्षांच्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, पुढचा पत्रा आणि गुडघे यांच्यात काही म्हणजे काही नाही, ओम्नी २०१९ ला बंद झाली तीसुद्धा सुरक्षेच्या नवीन नियमांत बसणार नव्हती म्हणूनच. "आई चौसष्ट वर्षांच्या आहेत," तो म्हणाला, "तू आण्णांच्या आठवणीत त्यांना बसवणार आहेस का?" हे मला लागलं. रात्रभर लागलं. चौथा पर्याय माझ्या मावसभावाचा, सरळ स्क्रॅप सेंटरला द्या, सर्टिफिकेट घ्या, नवीन गाडीच्या टॅक्समध्ये थोडी सूट मिळवा. पण आम्ही २०२४ ला तिसऱ्यांदा आरसी रिन्यू केलं होतं, पासिंग करून, पर्यावरण कर भरून, आणि ती फी आधी सहाशे होती ती २०२२ पासून पाच हजार झालेली, तीही भरून. २०२९ पर्यंतचा कागद हातात होता. तो फुकट घालवायला आई तयार नव्हती आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं.

गाडीची किंमत पन्नास हजार असेल तर तिच्यावर चाळीस हजार घालणं वेडेपणा, हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी निदान दहा जणांकडून ऐकलं. ऐकायला इतकं पटतं की पुढे बोलायला जागाच उरत नाही. पण मी जितका विचार केला तितकं मला ते चुकीचं वाटत गेलं. पन्नास हजार ही ती विकणाऱ्याची किंमत आहे. आईला ती विकायची कुठे होती? तिला मंगळवार-शनिवार सहा पोती घेऊन वीस-पंचवीस किलोमीटर जायचं होतं आणि यायचं होतं. ते काम करायला दुसरी गाडी आणायची तर तीन लाख. चाळीसची तुलना तीन लाखाशी करायला पाहिजे, पन्नासशी नाही. फक्त एक अट, बाकीची गाडी ते इंजिन वागवायच्या लायकीची पाहिजे. हे मिस्त्रींनी मला न विचारता तपासलं होतं. गाडी रॅम्पवर घेऊन खाली शिरले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत गेले, ठण, ठण, ठण, मागच्या चाकाजवळ एकदा थप असा आवाज आला, तिथे थांबले, टोकाने खरवडलं, म्हणाले इथे एवढा तुकडा वेल्ड करू, बाकी पत्रा चांगला आहे. "इंजिन बांधता येतंय हो. पत्रा सडला की मग कायबी करून उपयोग नाही. कोकणातली गाडी असती तर मीच नको म्हटलं असतं."

तर इथपर्यंत हिशोब दुरुस्तीच्या बाजूने झुकला होता. पण मला स्वतःवर भरवसा नव्हता. मला दुरुस्ती हवीच होती म्हणून हिशोब तसा लागतोय का? मिस्त्रींना मी हे सांगितलं नाही, असं गॅरेजमध्ये कोण बोलतं, पण त्यांना म्हटलं की हेड काढून आत बघा, मग ठरवू. ते म्हणाले, "घरात अजून कुणाला इचारायचंय का?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मलाच इचारा की."

हेड निघालं त्या दिवशी मी सुट्टी काढून आले होते. ॲल्युमिनियमचं हेड, खाली बिडाचा ब्लॉक, मधे जळून काळं-तपकिरी पडलेलं गॅसकेट, दोन आणि तीनच्या मधे त्याला नखाएवढी खाच. हेड उलटं ठेवून त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि खालून फट मोजायच्या फीलर गेजचं पातं सरकवलं, ते अलगद आत गेलं, म्हणजे हेड वाकलेलं. दोन नंबरच्या सिलिंडरच्या भिंतीवर उभ्या रेघा. बोट फिरवलं तर नखाला लागत होत्या. मी त्या रेघांवरनं दोन-तीनदा बोट फिरवलं. त्या माझ्या होत्या. मग मिस्त्रींच्या पोऱ्याने पिस्टनवरचा कार्बन रॉकेलच्या बोळ्याने पुसायला सुरुवात केली, काळा थर निघत गेला, खालचं पांढुरकं ॲल्युमिनियम दिसायला लागलं, आणि पिस्टनच्या माथ्यावर बारीक अक्षरात कोरलेला आकडा वर आला.

०.२५.

मला काहीच कळलं नाही. मिस्त्री मात्र वाकले, चष्मा वर केला, दुसरा पिस्टन पुसायला लावला, तिथेही तेच. "हे इंजिन आधी बांधलेलं आहे," ते म्हणाले. कंपनीचा बोअर साडेअडुसष्ट मिलिमीटरचा. एकदा झिजला की लेथवाला तो पाव मिलिमीटरने मोठा करतो आणि त्या मापाचा पिस्टन टाकतो, त्याच्यावर ०.२५ लिहिलेलं असतं. म्हणजे आण्णांचं वीस-बावीस वर्षं जपलेलं, हात न लागलेलं इंजिन असं काही नव्हतंच. कोणीतरी ते आधीच एकदा पूर्ण उघडलेलं, घासलेलं, परत बांधलेलं. उधारीच्या वहीत याची नोंद नव्हती, मी सगळी पानं चाळली होती.

मी आईकडे बघितलं. ती पाटीवर बसली होती, चहा पीत होती. "तुझ्या पुण्याच्या वर्षी," ती म्हणाली. "दोन हजार दहाला. होस्टेलचं डिपॉझिट भरलं आणि आठ दिवसांत गाडी बसली."

२०१० च्या जूनमध्ये आण्णा मला सोडायला आले होते ते एसटीने. दोन बॅगा, एक गादी, आणि मसाल्याची पिशवी. स्वारगेटला उतरून आम्ही रिक्षासाठी पाऊण तास पावसात उभे होतो आणि मी चिडले होते, गाडी असताना एसटीने कशाला आणलंत म्हणून. ते म्हणाले होते, "गाडी रंगायला टाकलीय गं." मी ते खरं मानलं. दिवाळीला घरी आले तेव्हा गाडीचा रंग होता तोच होता, माझ्या लक्षातही आलं नाही. मी आईला विचारलं की सांगितलं का नाही. ती म्हणाली, "सांगून तू काय करणार होतीस?" आणि मग जरा थांबून, "तवा बी हीच चर्चा झाली होती की. हे म्हणले विकूया, सहा महिने लूनावर काढतो. मीच म्हटलं बांधून घ्या."

मी तिथे त्या ऑइलने काळ्या झालेल्या फरशीवर उभी होते आणि मला एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं, दोन्ही एकाच जागी. हलकं अशासाठी की जे मी मोडलं असं मला वाटत होतं ते तसं अखंड कधी नव्हतंच, वापरायची वस्तू होती, वापरून झिजली होती, बांधून परत वापरली होती. वाईट कशाचं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. रिक्षाची वाट बघताना मी त्यांच्याशी ज्या स्वरात बोलले त्याचं असेल. आणि आणखी एक, मी दोन महिने जो निर्णय 'आण्णांसाठी' म्हणून डोक्यावर घेऊन फिरत होते तो निर्णय पंधरा वर्षांपूर्वी या घरात आईनेच घेतला होता आणि यावेळी तिला मी एकदाही सरळ विचारलं नव्हतं की तुला काय पाहिजे. नवऱ्याला विचारलं, भावाला विचारलं, ऑफिसातल्या लोकांना विचारलं.

म्हणून मग विचारलं. तिथेच. ती म्हणाली तिला नवीन व्हॅन नको, हप्ते नको, आणि आणखी चार-पाच वर्षांनी ती बाजार करणारच नाही, तोवर ही चालली की झालं. "आणि घाटात न्यायची नाही. हायवेला न्यायची नाही. लांब जायचं असलं की जावईबापूंची गाडी हाय की." नवऱ्याच्या म्हणण्यातलं जे खरं होतं त्याला तिने हे असं दोन वाक्यांत उत्तर दिलं. मी फोनवर त्याला सांगितलं तर तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, मग ठीक आहे, चांगले टायर टाका.

ब्लॉक लेथवर गेला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने बोअर गेज आत सोडून तिन्ही सिलिंडर वर, मधे, खाली असे मोजले, आडवे आणि उभे, आणि मान हलवली. दोन नंबरच्या रेघा ०.५० मध्ये निघतील. ०.५० म्हणजे शेवटचं माप. यानंतर बोअर मोठा करता येत नाही, भिंत पातळ होते, मग स्लीव्ह घालायची किंवा ब्लॉक बदलायचा. त्याने हे अगदी सहज सांगितलं, ब्लॉकवर खडूने ५० लिहिलं आणि लाईनीत ठेवला, तिथे आधीच पाच-सहा ब्लॉक होते, एक ट्रॅक्टरचा. दोन दिवसांनी होनिंग, म्हणजे शेवटची घासाई, झालेले सिलिंडर बघायला मी मुद्दाम गेले. आत बॅटरी मारली की भिंतीवर बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते, एकमेकींना छेदणारी, पैठणीच्या पदराला तिरप्या उजेडात धरावं तशी. ऑइल धरून ठेवायला त्या मुद्दाम पाडतात. त्याच भिंतीवर काही दिवसांपूर्वी माझं नख अडकलं होतं. मी परत बोट फिरवलं, कुठेच अडकलं नाही.

बिल शेवटी एकेचाळीस हजार दोनशे झालं. क्रँक पण थोडा ग्राइंड करावा लागला, रेडिएटर बदलला, होज तर सगळेच. पहिल्यांदा चालू केली तेव्हा जो पांढरट धूर निघाला त्याने मी घाबरले, मिस्त्री म्हणाले असेंब्लीला लावलेलं ऑइल जळतंय, जाऊ दे. पाच मिनिटांनी धूर विरला आणि आवाज असा बारीक, एकसारखा झाला की मला तो ओळखूच येईना. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, पोती निम्मीच भरायची, एकाच स्पीडला फार वेळ ठेवायची नाही, पाचशेला ऑइल बदलायचं. बदललं तेव्हा जुन्या ऑइलमध्ये चंदेरी चमक होती. नवीन रिंगा बसताना निघालेला कीस, हे नॉर्मल आहे म्हणाले.

गेल्या शनिवारी मी घरी होते आणि वडगावला आईबरोबर मीच गाडी घेऊन गेले. पहाटे साडेपाचला पोती चढवली. मी स्टिअरिंगवर बसणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब, सीट उचल." तिने आपल्या बाजूची सीट वर केली, कोपऱ्यात खोचलेला जुन्या लुगड्याचा बोळा काढला. तो बोळा मी लहानपणापासून तिथे बघत आलेय, मला वाटायचं धग लागू नये म्हणून ठेवलाय. तिने डिपस्टिक ओढली, त्या बोळ्याने पुसली, परत आत घातली, परत काढली, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात तिरपी धरून बघितली. मग पाण्याची बाटली. मग प्रत्येक होजच्या क्लिपला दोन बोटं लावून ओलं आहे का बघितलं. सगळं मिळून दोन मिनिटं. मी विचारलं हे रोज करतेस? म्हणाली, पहिल्यापासून, हे पोती भरायचे तवर मी हे बघायची.

रत्नागिरीहून निघताना त्या दुपारी ती गाडीपाशी उभी राहून म्हणाली होती, थांब जरा, सीट उचलू दे. मी म्हटलं होतं, आई, आधीच उशीर झालाय, बस. ओलं दिसलं असतं की नाही, मिस्त्री म्हणतात सांगता येत नाही, चीर बारीक होती.

तिने बोळा परत होता तिथे खोचला, सीट खाली पाडली, वर बसली, पदराला हात पुसला.

"चल आता," ती म्हणाली.

मी सेल्फ मारला.